निश्चिंत आणि बेफिकीर

२०२१च्या ऑगस्टमधल्या एका रात्री मी एका अनोळखी माणसाच्या जिवावर चार तास गाढ झोपले होते. तो जागा राहिला, म्हणून माझी झोप झाली. त्याने सांगितलं नसतं तर मला हे कधी कळलंही नसतं. आणि त्याने सांगितलं तेसुद्धा तक्रारीच्या सुरात नाही. पाऊस पडून गेला हे सांगावं, तितक्या साधेपणाने. त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यात आहे. आपण निश्चिंत असतो, तेव्हा आपली चिंता खरंच संपलेली असते, की ती फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेलेली असते?

आधी थोडं बोटीबद्दल. मी मूळची मालवणची. काही वर्षांपासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनला नोकरी करते. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीबरोबर मी तिथे भागीत एक जुनी, तेवीस फुटी शिडाची बोट घेतली. ‘बोट घेतली’ म्हटलं की गावाकडे लोकांच्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी उभं राहतं. प्रत्यक्षात ती एका वापरलेल्या छोट्या गाडीच्या किमतीत आली, आणि तिच्या आत सरळ उभं राहिलं की डोकं आपटतं. तिच्याबरोबर एक पंप, दोन फाटकी लाइफ जॅकेटं आणि दहा किलोचा एक गंजका नांगर आला.

तो नांगर बघून मला हसू आलं, कारण तो खरोखरच नांगर होता. मराठीत शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर यांना एकच शब्द. हिंदीत शेतात हल आणि जहाजावर लंगर, इंग्रजीतही दोन वेगळे शब्द. मालवणात माझ्या मामाची किल्ल्यावर माणसं नेणारी होडी होती. तिचा नांगर चार दातांचा, लोखंडी सळ्या वाकवून गावातच केलेला. शेतातल्या नांगराशी त्याचा काही संबंध दिसायचा नाही. हा मात्र अगदी फाळासारखा, दोन्ही बाजूंना माती उलटवत जमिनीत शिरेल असा.

या आकाराचा जनक जेफ्री इंग्रॅम टेलर, केंब्रिजचा भौतिकशास्त्रज्ञ. द्रव आणि वायू कसे वाहतात यावर त्याने आयुष्यभर काम केलं. इंजिनिअरिंगवाल्यांनी त्याचं नाव पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. त्याला शिडाच्या बोटीचं वेड होतं, आणि त्या काळचे नांगर छोट्या बोटीवर हाताने उचलायला फार जड. मग १९३३ मध्ये त्याने फाळाच्या आकाराचा हलका नांगर तयार केला. त्याचं नाव सीक्यूआर. ही तीन अक्षरं इंग्रजीत भराभर म्हणून बघा, ‘सिक्युअर’ असं ऐकू येतं. नावामागे तीच कल्पना होती.

‘सिक्युअर’ हा शब्द लॅटिनमधून आलाय. ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. काळजीविना. म्हणजे आपला ‘निश्चिंत’ ज्या साच्यातून निघाला, त्याच साच्यातला. टेलरच्या नांगराचं मराठीकरण करायचं तर त्याला ‘निश्चिंत’ म्हणावं लागेल. मीही ते नाव फारच मनावर घेतलं.

नांगराबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो. माझाही होता. आपल्याला वाटतं, नांगर जड असतो म्हणून बोट जागेवर राहते. पण दहा किलोचं लोखंड दोन टनांची बोट वजनाने कशी धरणार? तो धरतो, कारण तो रुततो. आणि तो रुतायचा असेल तर त्याला आडवी ओढ लागते. नांगराला बांधलेला दोर तळाशी जवळजवळ आडवा असेल, तर बोट जितकी मागे खेचेल तितका फाळ खोल शिरतो. तोच दोर उभा ओढला की नांगर उपटून येतो. नांगर काढायचा असतो तेव्हा आपण हेच करतो: बोट बरोबर त्याच्या डोक्यावर आणायची आणि सरळ वर खेचायचं.

म्हणून नांगराच्या वजनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो, दोर किती सोडला. नांगराजवळ काही मीटर साखळी असते. तिच्या वजनाने ओढ तळाशी आडवी राहते. पुढे नायलॉनचा दोर, तो ताणला जातो आणि लाटांचे हिसके गिळतो. साखळी आणि दोर मिळून पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट सोडायचे, वारा वाढणार असेल तर सातपट किंवा जास्त. खोली मोजताना भरतीला पाणी किती चढेल ते धरायचं, आणि बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून जितकं वर आहे तेही धरायचं.

दुसरा प्रश्न, खाली काय आहे. सपाट पात्यांचा, डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर वाळूत आणि चिखलात घट्ट बसतो, पण वारा फिरला की कधीकधी निसटतो आणि पुन्हा धरत नाही. खडकात मामाचा चार दातांचा बरा, कुठेतरी अडकतो. मात्र अडकला की निघेलच असं नाही. फाळाचा नांगर बहुतेक ठिकाणी चालतो, पण पाणगवत असेल तर फाळात गवताचा बोळा अडकतो आणि टोक मातीपर्यंत पोचतच नाही. वर लोखंडी कमान असलेले नव्या पद्धतीचे नांगर येतात, ते कसेही पडले तरी उलटून टोकावर येतात आणि लवकर रुततात. पण सगळीकडे चालणारा नांगर अजून कुणी बनवलेला नाही.

आणि तिसरा प्रश्न, तो बसला का? मामा म्हणायचा, “नांगर फेकूचो नाय, सोडूचो.” हळूहळू तळाला टेकवायचा, मग बोट मागे जाऊ द्यायची आणि दोर सोडत राहायचं. शेवटी इंजिन रिव्हर्समध्ये टाकून हळूहळू जोर वाढवायचा. तेव्हा किनाऱ्यावरच्या दोन खुणा निवडायच्या, म्हणजे पुढचं झाड आणि मागचं धुराडं. त्या एका रेषेत राहिल्या तर बोट हलत नाहीये. आणि दोरावर तळहात ठेवायचा. नांगर तळावरून घसटत असेल तर दोरात थरथर येते. मामा याला नाडी बघणं म्हणायचा. लहानपणी त्याने माझाही हात त्या ओल्या दोरावर ठेवला होता.

म्हणजे मला हे सगळं माहीत होतं. पुढे जे झालं ते अज्ञानाने झालं नाही.

लिमिंग्टनहून निघून आम्ही दोघी संध्याकाळी डॉर्सेटमधल्या स्टडलंडच्या खाडीत पोचलो. समोर ओल्ड हॅरीचे पांढरे सुळके. त्या उन्हाळ्यात लोक परदेशी फारसे जात नव्हते, त्यामुळे खाडी बोटींनी भरलेली होती. अंधार पडत आलेला, आम्ही दमलेल्या. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर ३ मीटर दिसले. मी पंधरा मीटर दोर सोडला. पाचपट, झालं. ओहोटी आहे, भरतीला पाणी दीड मीटर तरी चढेल आणि बोटीचं टोक पाण्यापासून एक मीटर वर आहे, हे गणित मी केलं नाही. खरा आकडा साडेपाच मीटरचा होता. दोर हवा होता किमान सत्तावीस मीटर. मी सोडलेला दोर भरतीच्या वेळी तिप्पटही भरत नव्हता.

इंजिनाने जोर लावून बघितलं, पण अर्धवट. बोट थांबल्यासारखी वाटली. शेजारी बऱ्याच बोटी होत्या, जोर लावला आणि सुटलो तर सगळ्यांसमोर पुन्हा सगळं करावं लागलं असतं. खरं कारण हेच. खाली काय आहे ते अंधारात दिसत नव्हतं आणि मी नकाशा उघडला नाही. हवामानाच्या अंदाजात रात्री वारा पूर्वेकडून येईल असं होतं. ही खाडी नैर्ऋत्येच्या वाऱ्यात सुरक्षित असते आणि पूर्वेकडून पूर्ण उघडी. तेही मी वाचलं होतं.

फोनवर एक अ‍ॅप होतं, बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की गजर करणारं. सुरुवातीला ते दर पंधरा मिनिटांनी वाजायला लागलं. मी वर्तुळ मोठं केलं. मग ते वाजायचं थांबलं आणि आम्ही झोपलो.

पावणेतीनला कुणीतरी शांतपणे हाका मारत होतं. वर आले तर वारा फिरलेला होता, आणि आमची बोट मागे सरकत दुसऱ्या एका बोटीच्या अंगावर आलेली. त्या बोटीवर सत्तरीचे आजोबा, पायजम्यावर रेनकोट घातलेला, आमची बोट दोन्ही हातांनी दूर ढकलत होते. त्यांच्या बायकोने दोन बोटींच्या मध्ये रबरी फुगे आधीच लटकवून ठेवले होते. आधीच, म्हणजे आम्ही येणार हे त्यांना माहीत होतं. धडपडत इंजिन चालू केलं, माफी मागितली. ते म्हणाले, “असू दे. तुम्ही नांगर टाकलात तेव्हाच मला शंका आली होती. म्हणून मी अकरापासून बसूनच होतो.”

अकरापासून. मी पावणेअकराला झोपले होते.

नांगर वर ओढला तर फाळात परडीभर हिरवंगार गवत अडकलेलं, मुळांसकट. वाळूला त्याने हात लावलाच नव्हता. पुन्हा लांब जाऊन, नीट मोजून नांगर टाकला आणि उजाडेपर्यंत मी दोरावर हात ठेवून बसून राहिले.

नंतर कळलं की ते साधं शेवाळ नव्हतं. पाण्याखालच्या त्या कुरणात समुद्री घोडे राहतात. ब्रिटनच्या किनाऱ्यावर त्यांच्या दोन जाती आहेत, आणि दोन्ही या खाडीत सापडतात. लाटांपासून आडोसा मिळतो म्हणून गवत तिथे वाढतं, आणि त्याच आडोशासाठी बोटी तिथे येतात. प्रत्येक नांगर थोडी मुळं उपटतो. ही खाडी २०१९ मध्ये संरक्षित जाहीर झाली होती. आमच्या त्या रात्रीनंतर काही महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, कुरणाच्या एका भागात नांगर टाकू नये असं आवाहन करणारा ऐच्छिक पट्टाही आखला गेला. मला मालवण आठवलं. आमच्याकडेही १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, आणि लहानपणी होडीतून नांगर सोडताना तो कशावर पडतोय हे मी कधी विचारलं नव्हतं. आपण पाण्याच्या वर असतो. खाली ज्याला धरून आपण थांबतो, ते दिसत नाही.

पण मला त्या रात्री सगळ्यात जास्त आठवला तो माझा भाऊ.

त्याच वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये, दुसऱ्या लाटेत, बाबा आजारी पडले. बेड मिळणं मुश्कील होतं, ऑक्सिजन त्याहून मुश्कील. धाकटा भाऊ घरी होता. तो रात्री दर दोन तासांनी उठून बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. ९३. ९२. ९४. मी विमानाने येऊ शकत नव्हते. पैसे पाठवत होते. फोन करून मी रडायला लागले की तो म्हणायचा, “तू झोप गो ताई, मी आसंय.”

आणि मी झोपायचे. दुसऱ्या आठवड्यात मी तो फॅमिली ग्रुप म्यूट केला. पहाटे पहाटे आकडे यायचे आणि छातीत धस्स व्हायचं, ऑफिसचं काम व्हायचं नाही. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं होतं. सगळे सांगतच होते, स्वतःची मानसिक शांतता जपा. बाबा वाचले. ग्रुप मी अनम्यूट केला. त्या दोन महिन्यांत भावाचं वजन आठ किलोने उतरलं, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं.

अ‍ॅपचं वर्तुळ मोठं करणं आणि ग्रुप म्यूट करणं, या दोन गोष्टी त्या रात्री दोर धरून बसलेली असताना माझ्या डोक्यात शेजारी शेजारी आल्या. दोन्ही वेळा धोका होता तिथेच राहिला होता. मी फक्त आवाज बंद केला होता.

मराठीत दोन शब्द आहेत, निश्चिंत आणि बेफिकीर. फोड करून बघितलं तर अर्थ एकच: चिंतेविना, फिकिरीविना. तरी एक कौतुकाने वापरतात आणि दुसरा शिवी दिल्यासारखा. का? मला वाटतं याचं उत्तर तिसऱ्या एका शब्दात आहे. काळजी आपण दोन प्रकारे वापरतो. काळजी करणं आणि काळजी घेणं. जिने काळजी घेतली आहे, म्हणून आता करायची गरज नाही, ती निश्चिंत. जिने घेतलीच नाही आणि करतही नाही, ती बेफिकीर. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. दोघी गाढ झोपलेल्या असतात. फरक ओळखायचा तर शेजारच्या बोटीवर कोण जागं आहे ते बघावं लागतं.

तिसरा प्रकारही आहे आणि तो मला चांगला परिचयाचा आहे: काळजी घेत नाही, पण करते भरपूर. मी फोनवर रडायचे ते हेच. त्या रडण्याने बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लागत नव्हता. उलट भावाला बाबांच्या जोडीला मलाही सांभाळावं लागत होतं.

यावर कुणी म्हणेल, मग काय कायम जागंच राहायचं? जगातला प्रत्येक माणूस कुणाच्या ना कुणाच्या जागरणावर झोपतो. रात्रपाळीची नर्स, इमारतीचा वॉचमन, वीज मंडळाचा वायरमन. हे खरं आहे, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्यांच्या जागरणाची पाळी ठरलेली असते, त्याचा पगार असतो (पुरेसा नसतो, तो वेगळा मुद्दा), आणि सकाळी ते घरी जाऊन झोपतात. त्या आजोबांची पाळी कुणी लावली नव्हती. भावाचीही नाही. माझ्या हलगर्जीपणाने आणि माझ्या अंतराने ती त्यांच्यावर पडली होती, आणि ती कधी संपणार हे कुणी सांगितलं नव्हतं.

हे मोठ्या पातळीवरही होतं. ज्या टेलरने ‘सिक्युअर’ नावाचा नांगर केला, तोच दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामात होता आणि १६ जुलै १९४५ची पहिली चाचणी त्याने डोळ्यांनी पाहिली. त्याला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. एवढंच की सुरक्षित हा शब्द ऐकला की कोण सुरक्षित आणि कुणाच्या भरवशावर, कुणाच्या जिवावर, हे विचारायची मला आता सवय लागली आहे.

नांगर टाकण्याच्या जगात एक साधा संकेत आहे. जो आधी आला, त्याची जागा. नंतर येणाऱ्याने आपली बोट वाऱ्याबरोबर कुठे कुठे फिरेल ते मोजून अंतर ठेवायचं, आणि तरीही अंतर कमी पडलं तर त्यानेच हलायचं. मला या संकेतातली एक गोष्ट आवडते. हेतू कुणी विचारत नाही. माझा हेतू वाईट नव्हता, हे त्या रात्री पूर्णपणे निरुपयोगी होतं. हिशोब दोराच्या लांबीचा होता.

मग मीही हिशोब केला. उन्हाळ्यात इंग्लंड भारताच्या साडेचार तास मागे असतं. मालवणात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा माझे साडेनऊ. म्हणजे भावाचे ते सगळ्यात वाईट तास माझे जागेपणाचे होते. मी तेव्हा सोफ्यावर बसून सिरीज बघत होते. हे लिहायला मला बरीच वर्षं लागली.

बाबांना अजूनही काही रात्री धाप लागते आणि आई घाबरते. पूर्वी ती थेट भावाला उठवायची. आता आमचं ठरलंय. रात्री साडेअकरा ते साडेतीन, भारताच्या वेळेने, आईने फोन मला करायचा. मी बाबांना बघते, आकडा विचारते, आईशी बोलत बसते. नव्वद टक्के वेळा तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर भावाला उठवायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा. ते काम माझं.

मोठं काही नाही हे. त्याने केलं त्याची ही भरपाई नाही, आणि एवढ्या लांबून फोनवर दिलेला पहारा घरातल्या पहाऱ्याची बरोबरी करू शकत नाही, हे मला कळतं. सुरुवातीला भावाला झोपच यायची नाही. एकला, दोनला मला मेसेज करायचा, आईचा फोन आला का? माझ्यावर भरवसा ठेवायला त्याला वेळ लागला. लागणारच. मी टाकलेले नांगर त्याने बघितलेले होते.

काल रात्री फोन आला नाही. साडेतीन झाले तेव्हा मी त्याला नेहमीचा मेसेज टाकला, “आता तुझी पाळी.”

त्याने तो सकाळी सात वाजता वाचला.